बिन्सीची वही

पाला (केरळ), १४ मार्च

प्रिय रोसम्मा चेच्ची,

येशूची स्तुती असो. तुझे गुडघे कसे आहेत? पाठवलेला फणस गोड निघाला. माझा वर्ग बरा चाललाय. सतरा नर्सेस, सगळ्यांना परदेशी जायचंय, आणि सगळ्यांचं घोडं इंग्रजीपाशी अडतं.

मागच्या आठवड्यात विशेषण उपवाक्य शिकवलं. आधी नाम शोधा, मग 'कोणतं?' असं विचारा. जो तुकडा उत्तर देईल त्याच्याखाली रेघ मारा. तो काढला तरी उरलेलं वाक्य उभं राहतं.

मागून शायनी म्हणाली, "टीचर, सासूच काढली तर?"

"तर संसार उभा राहतो," तिची शेजारीण म्हणाली. पोरी फिदीफिदी हसल्या. तुझी सून बिन्सी तेवढी खाली बघत होती.

घरच्या गोष्टींवर दहा वाक्यं लिहायला सांगितली होती. बिन्सीची वही आली, मी लाल पेन घेतलं. 'जी खोली मला दिली आहे, तिला कडी बाहेरून आहे.' रेघ. 'ज्या कपाटात माझा पासपोर्ट आहे, त्याची किल्ली जोबी गळ्यात घालतो.' रेघ. 'जी विहीर आम्ही वापरत नाही, तिच्यावरच्या फळ्या त्याने काल काढल्या आणि मला आत बघायला लावलं.' जरा लांबलं होतं, पण बरोबर होतं. दहापैकी दहा दिले. शेजारी 'छान' लिहिलं.

वीस वर्षांची सवय, चेच्ची. मी वाक्य तपासते, वाचत नाही.

सोमवारपासून ती आली नाही. तू फोनवर म्हणालीस, "माहेरी गेलीय गं, आईला ताप आहे तिच्या." फार हळू बोलत होतीस. काल मी तिच्या माहेरी गेले. आई धडधाकट, ओसरीवर कप्पाचे कंद सोलत बसलेली. मलाच विचारते, "पोर बरी आहे ना, टीचर? आठ दिवस फोन नाही." मी "हो" म्हटलं. का म्हटलं, ठाऊक नाही. घरी येऊन ती वही पहिल्यांदा वाचली.

मी कुठून लिहितेय ते अजून सांगितलं नाही. पोलीस ठाण्याबाहेरच्या बाकावर बसलेय. साहेब जेवायला गेलेत. सकाळपासून तुझा फोन तुझा लेक जोबीच उचलतो, म्हणून ही चिठ्ठी रिक्षावाल्या कुर्यनबरोबर पाठवतेय. तो फक्त तुझ्या हातात देईल.

ती त्या खोलीत असेल तर कडी काढ. जोबी काय म्हणेल याचा विचार करू नकोस. नसेल, तर कुर्यनला नुसतं "नाही" सांग. तो मला सांगेल.

साहेब आले. जोबीला मी मांडीवर न्हाऊ घातलंय, चेच्ची. आता आत जाऊन त्याचं पूर्ण नाव मीच सांगणार आहे.

तुझी धाकटी बहीण,
एली