पोटरी आणि भुजंगप्रयात

४ फेब्रुवारी, सकाळ
ही परवा बाथरूममध्ये घसरली. खुबा मोडला. काल ऑपरेशन झालं, उत्तम झालं. मुलगी म्हणत होती, बाबा, आईजवळ एक बाई ठेवू या. मी म्हटलं, बाई कशाला, नवरा मेलाय का? त्यावर ही भुलीतसुद्धा काहीतरी पुटपुटली. प्रेमाचंच असणार.
संकल्प: हिच्या उशाशी बसून रोज पाच कविता. शाळेतल्या, चालीवर. औषधं शरीराचं बघतील, मनाचं कोण बघणार?

दुपार
वॉर्डात एक चष्मेवाली डॉक्टर पोरगी आहे. दवाखान्यात आल्यावर किती पेशंटना नवीच दुखणी जडतात आणि का, याचा अभ्यास करते. म्हणाली, वय, साखर आणि नुसतं पडून राहणं, ही मोठी कारणं. हिची कूस दर दोन तासांनी बदलायची, उद्यापासून उभं करायचं. मी म्हटलं, बाळ, आमच्या कॉटपुढे शून्य लिहून टाक, इथे मी बसलोय. हसली. पोरगी गुणी आहे.

५ फेब्रुवारी
हिला उभं करायला फिजिओवाला आला. हिचा नुकता डोळा लागला होता. परत पाठवला. दुपारी पुन्हा हजर! तेव्हा नदीची कविता ऐन रंगात होती. पुन्हा पाठवला. सिस्टर कूस बदलायला आल्या, त्यांना म्हटलं, आत्ताच बदलली. अगदीच खोटं नाही. मी स्टुलावर बदलली होती.
ही डोळे मिटून ऐकत होती. मी थांबलो तशी एक डोळा उघडून म्हणाली, अहो, संपली का? केवढी ती ओढ! लगेच दुसरी घेतली.

७ फेब्रुवारी
हिच्या माकडहाडावर जखम झाली. बेडसोर म्हणतात. सिस्टर माझ्यावर उखडल्या: आजोबा, दर वेळी बदलली, बदलली म्हणत होतात ना? वर आजोबा! स्वतः रिटायर व्हायला आल्यात.
दोष गादीचा आहे. चष्मेवालीला तसं सांगितलं. तिने लिहून घेतलं नाही.
उद्यापासून कूस मी जातीने बदलणार.

८ फेब्रुवारी, दुपार
कूस राहिली. एक कडवं आठवेना, त्यात सकाळ गेली.
हिची पोटरी सुजलीय, हाताला गरम लागते. सिस्टर म्हणाल्या, गुठळी असेल, सोनोग्राफी होईपर्यंत अजिबात हात लावायचा नाही. मला सांगतात, हात लावू नका! अख्खा संसार केलाय मी या बाईशी.
त्यांची पाठ वळली तशी हळूच चोळायला घेतली. भुजंगप्रयातात. एक दाब हलका, दोन जड. एक हलका, दोन जड. गुरुजींनी हे वृत्त बाकावर ठोकून शिकवलं होतं, अजून बोटांत आहे. ही म्हणाली, अहो, नको, दुखतंय. म्हटलं, दुखणं मोकळं होतंय. ही म्हणाली, तुमच्या पाया पडते. पाय हलवता येत नाही आणि निघाली पाया पडायला! तिसऱ्या कडव्याला हिने छातीवर हात ठेवला. वाटलं, कविता भिडली.
मग हिला श्वास घेता येईना.

संध्याकाळ
आयसीयूच्या बाहेर. पायातली गुठळी फुप्फुसात गेली म्हणे. मुलगी भिंतीला टेकून रडतेय. चष्मेवालीने विचारलं, पाय कोणी चोळला का? मी म्हटलं, छे. चोळतात ते तेल लावून. मी तेल कुठे लावलं होतं?
ही वाचली तर. नाही, वाचणारच. उठल्यावर पहिली कविता कोणती, ते ठरवायला घेतलं.

१० फेब्रुवारी
वाचली. पाच मिनिटं आत सोडलं. मी पहिली ओळ म्हणतो न म्हणतो, तोच ही सिस्टरना म्हणाली, या माणसाला बाहेर काढा. मला ओळखलंच नाही! चष्मेवालीला गाठलं. बाळ, हिला भ्रम झालाय, म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात होतो ना? तिने हिला वार विचारला, पत्ता विचारला, मुलीचा फोन नंबर विचारला. सगळं बरोबर. मग माझ्याकडे बोट करून विचारलं, हे कोण? ही म्हणाली, नवरा. म्हणून तर म्हणते, काढा.
भ्रम फार खोल आहे.

१३ फेब्रुवारी
ही वॉर्डात परत. मुलीने शेवटी बाई ठेवलीच. मला दाराबाहेरचा बाक. जखम भरत आलीय, ही वॉकर घेऊन फेऱ्या मारते. माझा आवाज दारातून आत जात असणार. चष्मेवालीला म्हटलं, हेही अभ्यासात घे. ती म्हणाली, आजोबा, पाठीची जखम, पायात गुठळी, मग फुप्फुसात. वॉर्डात सगळ्यात जास्त तुमच्याच कॉटवर झालं. वय आणि साखर तर बाकीच्यांनाही आहे. तुमच्याकडे जास्तीचं काय होतं, तेवढंच सापडत नाही.
मी नीट विचार केला. म्हटलं, गादी.
या वेळी तिने माझ्याकडे बघून लिहून घेतलं.

१७ फेब्रुवारी
डिस्चार्ज! घर झाडलं. खाट खिडकीशी ओढली, शेजारी माझी खुर्ची. दवाखान्यात गेलो तर मुलगी म्हणाली, आई माझ्याकडे येतेय. म्हटलं, छान, माझीही बॅग भरतो. ती म्हणाली, नको बाबा, आईची तेवढी एकच अट आहे. लिफ्ट आली. कोपर धरायला मी पुढे झालो, तर ही वॉकर आपटत अशी झपाझप आत शिरली, की दार धरणारा वॉर्डबॉयसुद्धा बाजूला झाला. खुबा फार छान बसवलाय.

संध्याकाळ
फोन केला. मुलीने उचलला. मागून कोणीतरी खो खो हसत होतं, ऐकूच येईना. म्हटलं, टीव्ही जरा बारीक कर.
म्हणाली, टीव्ही बंद आहे, बाबा. आई हसतेय.