केतकीचे झुमके

गुरुवार, संध्याकाळ. अल गराफा.

आज आमच्या वाचनकट्ट्यावर केतकी बोलली. विषय होता जुन्या फ्रेंच कादंबऱ्यांतल्या भटक्या रोमा जमातीतल्या बायका. केतकीच्या कानात हे एवढे झुमके. सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर इथे आखातात आलेली पोरगी. आणि रास लफानच्या गॅस प्लांटवर शिफ्ट करून आलेला माझा नवरा, जो माझ्या भाषणाला हमखास पेंगतो, तो आज टक्क जागा. झुमक्यांसाठीच. दुसरं काय?

येताना गाडीत मी म्हटलं, "झुमके जरा जास्तच हलत होते, नाही?"

"कसले झुमके?" तो म्हणाला. "ती सांगत होती ना, त्या पुस्तकांत रोमा बाईचा घागरा येतो, डोळे येतात, नाच येतो. पुरुष तिच्यापायी वेडे होतात आणि शेवटी मरते तीच. तिच्या मनात काय आहे, ते कुणी विचारत नाही."

हे ती कधी बोलली? मी तर पहिल्याच रांगेत होते.

आत्ता वरचं वाचून पाहिलं. मीही झुमकेच लिहिलेत. तिचं एकही वाक्य माझ्या लक्षात नाही.

नवऱ्याला मात्र सगळं पाठ आहे. ते झुमक्यांपेक्षा वाईट.