नोराबाईचा रोडगा

प्रिय नोराबाई,

'प्रिय' लिहा लागते असं सुनेनं सांगतलं, म्हणून लिहिलं. जिवंत होती तेव्हा तुले म्या कधी प्रिय म्हटलं का? 'नोरे, दार उघड' नाहीतर 'नोरे, डबा धुऊन देत जाय', एवढंच आपलं बोलणं. अक्षर चौथीपर्यंतचं आहे, वाकडं दिसलं तं हासू नको. तुहं मराठी अक्षर काय मोठं सरळ होतं!

आज सर्वपित्री अमावास्या. घरच्या पितरांची पानं वाढून झाली. वडे, कढी, खीर, गवारीच्या शेंगा. त्या रांगेत यंदा एक पान जास्तीचं मांडलं. तुहं. त्याच्यावर अजून काहीच नाही, कारण जे वाढायचं आहे ते फडक्यात गुंडाळून ओट्यावर ठेवलं आहे. गरम कापू नको, आत गिचका होते, असं तूच सांगून गेली. तं बसली आता थंड होईतो. रिकामी बसून काय करू? म्हणून हे पत्र.

सकाळी सून सुनीता म्हणे, "आत्याबाई, त्या तं ख्रिश्चन होत्या. आपण त्यांचं पान मांडलेलं त्यांच्या देवाले चालते का?"

"जाय, विचारून ये त्याले," म्या म्हटलं. "तोवर पीठ चाळ."

विचारायले कुठं जाईल बिचारी? पीठ चाळत बसली.

नोरे, तुह्या मागे इथे तुहं कोण आहे, सांग बरं. लग्न केलं नाही, लेकरू नाही. गावातली अर्धी लेकरं तुह्या हातावर जन्मली, पण अमावास्येले पान कोण मांडते? जन्मली ती सगळी आपापल्या आजोबाचे वडे खाऊन राह्यली.

तुहा देश कुठं आहे ते मले शेवटपर्यंत समजलं नाही. आयर्लंड म्हणे. तू नवी नवी गावच्या दवाखान्यात कामाले आली तेव्हा म्या विचारलं होतं, "नागपूरच्या पुढे आहे का?" तू म्हणाली, "हाव, जराशी पुढे." तेव्हाच मले वाटलं, ही बाई टिकते इथे.

घाटंजीच्या बाजारातून मैदा अन् सोडा आणून दर रविवारी तू त्या पत्र्याच्या पेटीत तुहा तो पाव भाजायची. एवढा मोठा, गोल, वरून फाटलेला, चार चिरा पडलेला. पेशंटले गोळीसंगं त्याचा एक एक तुकडा. आम्ही त्याले नोराबाईचा रोडगा म्हणत होतो. तू चिडायची, "रोडगा नाही वं, ब्रेड आहे, सोडा ब्रेड!" पण आमच्याकडे जाड कणकीचा गोळा विस्तवात भाजला की तो रोडगा. दुसरं नाव कुठून आणू?

एक गोष्ट आज लिहूनच टाकते, मंग पुढचं.

ते बोंडअळीचं वर्ष आठवते ना? कापसाचं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. जो तो औषधावर औषध मारून राह्यला होता. विलास, माहा एकुलता एक, भर दुपारी पाठीवर पंप घेऊन वावरातून आला अन् ओट्यावर बसता बसता पडला. तोंडातून लाळ, डोळ्याले दिसेना. मले वाटलं नजर लागली. मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन मी ओवाळून राह्यली, अन् तू धावत आली. माह्या हातावर फाडकन मारलं! सगळं मीठ अंगणात सांडलं.

"पंचफुला, नजर मंग काढ! आधी कपडे काढ त्याचे, औषध अंगात मुरून राह्यलं!"

तीस वर्षांचा बाप्या, पण तू त्याले भर अंगणात उघडा केला, साबण लावून बदाबदा पाणी ओतलं, अन् तुह्या त्या खटाऱ्या जीपमध्ये टाकून यवतमाळले नेला. वाटेत तुले म्या किती शिव्या दिल्या, हळू चालव म्हणून. तू म्हणाली, "शिव्या दे, पण त्याले झोपू देऊ नको."

पोरगा जगला. मी तुह्या पाया पडायले आली तं तू पाय मागे घेतले. म्हणे, "पाया पडून माहं पोट भरत नाही. भाकर करून आण." तो डबा जो सुरू झाला तो तू खाणं सोडेपर्यंत. ज्वारीची भाकर, ठेचा, कधी पिठलं. तिखटानं नाक गळे, पण डबा चाटून पुसून. अन् धुवायची नाही मात्र कधी! गोऱ्या लोकाले कामाची सवय असते म्हणतात, तुले कोणी लावली नाही वाटते.

मंग त्याच हिवाळ्यात तुहंच अंग तुले सोडून द्यायले लागलं. यवतमाळच्या डॉक्टरनं सांगतलं, घरी न्या, खाईल ते द्या. तिकडून भाच्याचा फोन आला, विमानानं नेतो म्हणे. तू त्याले काय म्हणाली ते सगळ्या गावाले पाठ आहे. "खाली जमीन नाही अशा जागी कायले मरू?"

पण तू खाईना. भाकर कुस्करली, नाही. कण्या केल्या पातळ, नाही. वरणाचं पाणी, तेही नाही. तोंड कडू झालं म्हणे. म्या एक दिवस रागानं विचारलं, "मंग तुले पाहिजे तरी काय?"

तू वर पाहत म्हणाली, "आईच्या हातचा ब्रेड."

बाप्पा! तुही आई कधीची गेलेली, अन् तुह्या पत्र्याच्या पेटीले भोकं पडलेली. म्या म्हटलं, आईचा हात तं आणता येत नाही, माहा चालते का? तू म्हणाली, पाहू. असं म्हणतात का मरणाऱ्या बाईनं? 'पाहू' म्हणे!

तुही बाज माह्या अंगणात काढली, मी काय करते ते दिसावं म्हणून. पेटी नाही तं भाजायचं कशात? तू सांगतलं, तुही आजी लोखंडी भांड्यात ठेवून झाकणावर निखारे टाकत होती. लाकूड नव्हतं म्हणून तुमच्याकडे चिखलाची माती वाळवून जाळत.

"माती जाळता? मंग चुलीत पाणी ओतून दिवा लावत असाल!"

तू हासली अन् खोकली. पण लोखंडी कढई होती आपल्याकडे, वर झाकायले परात होती, अन् जाळायले पऱ्हाट्या तं त्या वर्षी नको तेवढ्या. कापूस अळीनं खाल्ला, लोकांनी उभं पीक उपटलं, अंगणोअंगणी पऱ्हाट्यांचे ढीग. कापसानं दिलं नाही ते पऱ्हाटीनं दिलं. असे निखारे पडले म्हणते की सोनाराले हेवा वाटावा.

पीठ घेतलं, मीठ, सोडा, आंबट ताक. कालवलं अन् दिली मूठ! माही सासू, जिनं जन्मात कोणाले चांगलं म्हटलं नाही, ती म्हणायची की रोडग्याची कणीक मळावी तं पंचफुलानं. तोच हात लावला. रगड रगड रगडलं, लोण्यासारखा गोळा झाला, अन् ओल्या फडक्याखाली झाकून ठेवला.

तुहा डोळा लागला होता. जागी झाली. "टाकलं का कढईत?"

"भिजू दे ना जराशी."

"भिजू दे? अवं पंचफुला, सोडा मेला ना!"

मले काय माहीत सोडा मरते म्हणून? आमच्याकडे कणीक भिजल्याशिवाय तिले कोणी हात लावत नाही. निघाला तो धोंडा! विलासनं त्याच्यावर बोटानं वाजवून पाह्यलं अन् म्हणे, "माय, पाट्यावर ठेव हे. आपला वरवंटा जुना झाला." तू एवढी हासली की सुनीतानं धावत येऊन पाणी पाजलं. मले मात्र हासू आलं नाही. तुह्या मनगटाचं हाड वर आलेलं दिसत होतं. माह्या मळण्यापायी तुहा घास राहून जाते का काय, हेच डोक्शात.

दुसऱ्या दिवशी तू माहा हात धरला. "मळू नको. लेकराले ताप आहे का पाहते तेव्हा कपाळाले कसा हात लावते? तसा लाव. अन् लगेच विस्तवावर."

तसा लावला. ओलं, ओबडधोबड, हाताले चिकटलेलं ध्यान. माही सासू पाहती तं घराबाहेर काढती मले. मंग तू म्हणाली, सुरी घे अन् वरून आडवं-उभं खोल काप. मी थांबली.

"तुह्या देवाची खूण आहे ना ती? त्याच्यावर मी सुरी कशी चालवू?"

"देवाची म्हण, नाही तं वाफेची वाट म्हण. नाही कापलं तं मधात कच्चं राहीन. माही आजी म्हणे, त्या चिरेतून आतल्या पऱ्या बाहेर जातात."

"तुमच्याकडे पिठात पऱ्या राहतात? आमच्याकडे नुसत्या अळ्या राहतात."

कापलं. बुडापर्यंत कापलं. कढईत ठेवलं, परात झाकली, वर निखारे. विलास विस्तवाजवळून हलला नाही. तू ज्याले साबणानं धुतला तोच तो, तुह्यासाठी निखारे सारखे करत बसला. वास सुटला तं शेजारपाजारच्या बाया कुंपणावर आल्या. काढला, उलटा केला, तू हात लांब करून बुडावर टकटक केलं. ढोलकीवानी पोकळ आवाज! तुहे डोळे, नोरे! ते डोळे मी काय लिहू, चौथी शिकलेली बाई?

अन् मंग फडक्यात गुंडाळून तुह्याच उशाशी ठेवला, थंड होईतो. म्या म्हटलं, गरमच खाय ना, कायले थांबते? मले भेव वाटे, हिचा श्वास असा, अन् ही नियम पाळून राह्यली! पण तू पडल्या पडल्या त्या गाठोड्याकडे पाहत राह्यली. नियम म्हणजे नियम. मी गाठोड्याकडे पाहू का तुह्या छातीकडे, ती वर-खाली होते का नाही?

एक फोड कापली, घरचं लोणी लावलं. तुनं घास घेतला. तोंडात ठेवला. किती वेळ ठेवला! आम्ही सगळे तुह्या तोंडाकडे पाहून राह्यलो. मले वाटलं आता ही 'आई' म्हणीन, रडीन, कायतरी.

तू गिळलं अन् म्हणाली, "मीठ कमी आहे."

हलकट बाई! जीव एवढासा उरला होता, पण खोड काढायची राह्यली नाही. म्या तोंड फिरवलं. इकडे फिरवून पाहते तं फोड संपलेली, बोटावरचं लोणीही चाटून झालेलं, अन् हात पुढे केलेला. दुसरी पाहिजे म्हणे.

मंग काही दिवसांनी तू गेली. दवाखान्यामागच्या निंबाखाली तुले ठेवलं, तुह्याच मनासारखं, जमीन खाली असलेल्या जागी.

मले लय दिवस राग होता त्या मिठाचा. आता नाही. तुले पाहायले येणारा जो तो तुले सांगे, बरी होशील, पुढच्या रविवारी उठून बसशील. सगळे खोटं बोलत होते, मीही. तू एकटी खरं बोलली. माह्या पोराले जीपमध्ये टाकलं तेव्हाही तू 'काही होत नाही' असं म्हटलं नव्हतं. असं बोलणारं माणूस मले दुसरं भेटलं नाही. नवराही नाही, सासूही नाही. तू इथे आली अन् इथेच राह्यली, याचे उपकार मी कोणत्या देवाचे मानू? तुह्या देवाचे मानते, झालं.

आज सुनीताले शिकवलं. तिनं पीठ पाह्यलं अन् मूठ आवळली. म्या तिच्या हातावर फाडकन दिली, जशी तू मले दिली होती. विलास वावरात फवारणीले गेला आहे. अंगभर सदरा, तोंडाले फडकं, डोळ्याले चश्मा. तसा निघाला नाही तं मी वाट अडवून फाटकात उभी राहते, तुह्यासारखी हट्टानं. घरी आला की आधी साबण, मंग जेवण.

थंड झाला वाटते. आता कापते.

नोरे, शब्द देते. हात चालतात तोवर दर सर्वपित्रीले तुहं पान मांडीन, माह्या मागे सुनीता मांडीन. मळणार नाही, भिजवणार नाही, बुडापर्यंत कापीन. मीठ यंदा वाढवलं आहे. पण बरोबर पडलं का ते मले माहीत नाही, कारण पितरांच्या पानावरचं आधी कोणी चाखत नाही. पहिला घास तुहा. कमी असलं तं आताच सांग, मी ओट्यावरच बसली आहे.

तुही,
पंचफुला