खांद्याचं मांस

शिबेचा,
१८ सप्टेंबर

प्रिय कुनिहिको,

ताईचे आशीर्वाद. पाठ कशी आहे तुझी? दुकानातल्या पेट्या अजून स्वतःच उचलत असशील, सांगून ऐकणारा तू नव्हेस. इकडे सकाळी कुरणावर धुकं धरायला लागलंय. बटाटे काढून झाले. एक खोकं तुझ्यासाठी बाजूला ठेवलंय. शिकारीचा मोसम सुरू व्हायच्या आधी, येत्या शनिवारी तुझे भाऊजी बंदुकीच्या गोळ्या घ्यायला येतील, तेव्हा घेऊन येतील.

त्या गोळ्यांबद्दलच लिहायचं आहे. हसू नकोस. ताईला बंदुकीतलं काय कळतं, असं मनात म्हणशील. पण या घरात आलेलं प्रत्येक हरीण मी कापलंय. हे गोळी झाडतात, ती आत काय करून गेली ते मी बघते. नदीपलीकडच्या हरणापर्यंत पोचताना गोळी दमलेली असते. बाहेर पडायचं भोक बोटाएवढं, आजूबाजूचं मांस स्वच्छ. तीच वेगाची गोळी जवळून लागली की पलीकडचा अख्खा खांदा रक्त साकळून काळा होतो, तो कापून टाकावा लागतो. मेलेली हरणं खाऊन गरुडांना विषबाधा होते म्हणून शिशाची गोळी बंद झाली आणि तांब्याची आली, तेव्हा थोडे दिवस माझा गोंधळ उडाला. मग तिचंही कळायला लागलं.

गेल्या हिवाळ्यात हे दर वेळी घरी येऊन सांगायचे, दोनशे मीटर, नदीपलीकडून. आणि फळीवर खांदा काळा. मी म्हणायचे, वा, नेम अजून आहे हं. आणि खराब भाग गुपचूप काढून टाकायचे. वाटलं, मारतोय माणूस बढाया तर मारू दे. पण परवा फाटकाशी उभ्या असलेल्या पोस्टमनला मीच समजून हे म्हणाले, "सुमिए, चहा टाक." पोस्टमन बिचारा हसला. मला हसू आलं नाही.

मार्चमधलं शेवटचं हरीण पोटात गोळी लागलेलं होतं. हे सकाळी गेले ते अंधारून येईपर्यंत बर्फातून त्याच्या मागावर होते, आणि तोवर ते जिवंत होतं. जेवताना यांनी किती मीटर ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वाटीतलं सूप तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी मी कापायला घेतलं तर भोक बोटाएवढं. अख्ख्या हिवाळ्यात त्या एकाच वेळी यांनी खरंच लांबून गोळी झाडली होती.

यंदाही हे तुझ्याकडे हलकी, वेगाची, लांब पल्ल्याची गोळी मागतील. तू जड, सावकाश जाणारी दे, जवळून झाडायची. पण डोळ्यांचा विषय काढू नकोस. म्हण, ताई कटकट करते, खांद्याचं मांस वाया जातं म्हणते. सगळं माझ्यावर ढकल. बायकोच्या भुणभुणीमुळे जवळ जावं लागतं म्हटलं की यांना दोस्तांत सांगायलाही बरं. गोळी बदलली की बंदुकीवरची दुर्बीण नव्याने जुळवावी लागते ना? त्या निमित्ताने सरावाच्या मैदानावर तू सोबत जा. पन्नास मीटरवरचं निशाण स्पष्ट दिसत नसेल तर एकही गोळी देऊ नकोस. मला फोन कर. बंदूक खाली ठेवा, हे यांना मीच सांगेन, दुसऱ्या कुणी सांगायचं नाही.

हरणाचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण यांचं जास्त वाटलं. संध्याकाळी बर्फातून येणारी यांची ती एका खांद्यावर कललेली चाल दिसली की माझा जीव भांड्यात पडतो. अजून एक हिवाळा तरी ती बघायला मिळावी, एवढीच माझी इच्छा आहे.

इतकं लिहिलं आणि हे आत आले. कुणाला लिहितेस, विचारलं. तुझं नाव सांगितलं. दाराशीच उभे राहिले, टोपी हातात घेऊन.

मग म्हणाले, "त्याला लिही, यंदा ती जड गोळी काढून ठेव, जवळची. तुला खांद्याचं मांस वाया गेलेलं खपत नाही म्हणून."

मी म्हटलं, "नाहीच खपत."

"मग झालं तर," म्हणाले, आणि लाकडं आणायला बाहेर गेले.

कुनिहिको, इतक्या वर्षांच्या संसारात खांद्याबद्दल मी यांच्याकडे एकदाही तक्रार केलेली नाही.

पत्र फाडून टाकावं असं वाटलं. पण मैदानावर जायचं तेवढं राहतंच, म्हणून धाडते. शनिवारी यांच्यासमोर मला खुशाल नावं ठेव. ताई फार कटकटी झाली म्हण. हे हो म्हणतील.

तुझी,
खांद्याच्या मांसासाठी हटून बसलेली,
सुमिएताई