नव्या घराची दारं

देवणी,
दि. १७ एप्रिल १९८३

ती. अक्कास मन्मथचा शरणार्थ.

तुझं पत्र मिळालं. इकडं सगळे बरे आहेत. तळं पार आटलं, टँकर दिवसाआड येतो. लातूर जिल्हा झाल्यापासून साहेबांच्या जीपा तेवढ्या वाढल्या, पाणी काही वाढलं नाही. तुझी भावजय उमादेवी घरभरणीच्या तयारीत आहे. दाजींना नमस्कार सांग.

तू लिहिलंस, "मास्तर असून माझ्या बैलासाठी चिखलात उतरलास, बसव्याचं नशीबच तेवढं." चिखलात उतरलो हे खरं. बाकीचं मी लपवलं.

तुमच्याकडं चारापाणी नाही म्हणून माझ्या भरवशावर तू बसव्या धाडलास. तो पाण्यासाठी तळ्याच्या गाळात गेला आणि पोटापर्यंत रुतला. दोर लावून ओढावं, तर ओढणारेच गुडघाभर आत जात होते. शेजारचा व्यंकटी ओरडला, "मास्तर, तुमची दारं हायेत की! आडवी टाकू, त्याच्यावर उभारून ओढू!"

अक्का, त्याच आठवड्यात मी नववीला दाब शिकवला होता. वजन तेवढंच राहतं, पण जास्त जागेवर पसरलं की दाब कमी होतो. रुळाखालचे स्लीपर, उंटाचे पाय, सगळी उदाहरणं फळ्यावर लिहिली होती. व्यंकटी बरोबर बोलतोय हे मला पुरतं कळत होतं.

पण दारं सागवानी. नुकतंच पॉलिश करून भिंतीला टेकवलेली. घरभरणीला लातूरचे शिक्षणाधिकारी येणार होते. मी म्हणालो, "दारानं काय होतंय? ओढा!"

माझ्या वर्गातली रुद्राणी काठावर उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

उन्हं कलल्यावर व्यंकटीनं स्वतःच्या घराचं दार उखडून खांद्यावर आणलं. ते गाळावर टाकून तो बसव्यापाशी पोचलाही. पण तोवर बसव्यानं मान टाकली होती.

त्याचं दार गाळातच मोडलं. काल मी त्याला म्हटलं, माझं एक घेऊन जा. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मास्तर, तुमच्याकडं साहेब येनार हायती." रागानं नाही म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

घरभरणीला येते म्हणालीस. ये म्हणायला माझं तोंड नाही. आलीसच, तर आधी व्यंकटीकडं उतर. त्याच्या घराला सध्या गोणपाट आहे, कडी वाजवावी लागणार नाही.

तुझा भाऊ म्हणवून घ्यायची लाज वाटणारा,
मन्मथ