मादीला भाव, नराला उकिरडा

मी, ड्रुसिला पेनी, वय ७८, धंदा मासेविक्री, राहणार स्किफ कोव्ह, न्यूफाउंडलंड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कुणाचे दडपण नाही. तेवढी छाती या किनाऱ्यावर कुणाची नाही.

१) राहते घर मुलगा हेडली यास. छप्पर गळते, त्याने स्वतः वर चढावे.

२) बँकेतली शिल्लक माझ्या दफनासाठी. पाद्रीबाबांनी प्रवचन आटोपते घ्यावे.

३) मासे वाळवायची शेड व विक्रीची गाडी. खरा तंटा इथे आहे. हेडलीला शेड पाडून निर्यातीसाठी शीतगृह बांधायचे आहे. जूनमध्ये कॅपलिन मासळी अंडी घालायला किनाऱ्याला लागते. जपानच्या व्यापाऱ्याला त्यातली गाभोळीची मादी तेवढी हवी. उरलेला नर आमचा शहाणा हेडली बटाट्याच्या वावरात खत म्हणून ओततो. अहो, तोच नर खारवून, वाळवून मी पन्नास वर्षे बारा गावांत दारोदार विकला आणि याला पोसला! बोलले, तर म्हणतो, "आई, तुझं गिऱ्हाईक म्हणजे चार म्हाताऱ्या. जग कुठे गेलंय बघ जरा!"

गेल्या वर्षी जगाने कळवले, मादी बारीक आहे, नको. तेव्हा साहेब टोपी हातात घेऊन माझ्या दारात. "आई, एवढा माल खपवून दे ना गं." त्या चार म्हाताऱ्यांनी तीन दिवसांत सगळा उचलला. यंदा पुन्हा जपान! कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच.

सबब शेड व गाडी सून एफी हिला. कुणाला खारट लागते, कुणाला दात नाहीत, तिला सगळे पाठ आहे. शेड पाडू नये.

४) काल व्यापाऱ्याचा निरोप आला, यंदा माल घेणार नाही. पन्नाशीचा बाप्या माझ्या स्वयंपाकघरात बसून विचारतो, "आई, आता काय करू गं?" मला हसायचे होते. हसू आले नाही.

एफीने त्याला पगारावर गाडीवर घ्यावे. पहिल्या दिवशी तो खाली उतरणार नाही. लोकांच्या दारात हाक मारायची लाज वाटेल. मलाही वाटली होती. नवरा बुडून महिना झाला होता आणि हेडली कडेवर होता. एफी, पहिल्या दारापर्यंत तू त्याच्याबरोबर जा. माझ्याबरोबर कुणी नव्हते.

सही: ड्रुसिला पेनी

आमच्या देखत सही केली:
बर्था नोसवर्दी, गिऱ्हाईक
सेल्बी पिन्सेंट, गिऱ्हाईक

स्किफ कोव्ह, ९ मे १९९०