गेलेल्या माणसाचं लिव्हर

वराळे, ४ जानेवारी

ती. वन्सं यांस सविताचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आपण पाठवलेलं नाचणीचं पीठ, लिंबाचं लोणचं आणि देवीच्या प्रसादाचा नारळ मिळाला. रिक्षाला चाळीस रुपये पडले. पुढच्या वेळी आपल्या शेजारच्या कैलासच्या हाती देऊ नका, त्याला स्टेशनपासून चार पावलं चालवत नाही. फोनवर आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून सगळं लिहिते.

आपल्या भावाचे डोळे हळदीसारखे पिवळे झालेत. दत्तजयंतीच्या सुमारास पुण्याच्या इस्पितळातून फोन आला होता. एका गेलेल्या माणसाचं लिव्हर मिळत होतं, पण तो एकाहत्तर वर्षांचा, आणि लिव्हरवर चरबी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उत्तम नाही, पण उत्तम मिळेपर्यंत यांचं शरीर थांबेल याची खात्री नाही. मी नको म्हटलं. दुधीसुद्धा नख लावून घेणारी मी, नवऱ्याच्या पोटात जुनं कसं घालू?

तेच लिव्हर यादीत यांच्या मागे असलेल्या तळेगावच्या इब्राहिमभाईंना बसवलं. ते वरणभात जेवून घरीही गेले. त्यांच्या बिस्मिल्लाभाभी मला पेढा देऊन गेल्या. तो अजून तसाच देवापुढे ठेवलाय. माझं चुकलं का, ते लिहावे. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

आपली
सविता


लोणावळा, ११ जानेवारी

चि. सौ. सविता हीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचाय घेतलं तवा म्हटलं, बरं केलंस, माझ्या भावाला कुणाचं उतरलेलं कशाला? पेढ्यापर्यंत आले आन् पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. अगं, लग्नात तू निवृत्तीला पारखलं न्हाईस, आता कसली पारख करतीस? आमचे आबा पंच्याहत्तरीत भाताचं पोतं पाठीवर घ्यायचे. पुन्हा फोन आला तर व्हय म्हण. मला विचाराय थांबू नको. निवृत्तीला सांग, ताई लय रागावलीय, लवकर उठ. दोघं जपून ऱ्हावा.

तुझी
रतनबाई


पुणे, २४ जानेवारी

ती. वन्सं यांस सा. नमस्कार वि. वि.

एकवीस तारखेला फोन आला. या खेपेचा माणूस चौऱ्याहत्तरचा, चरबी पहिल्यापेक्षा जास्त. दुसरं येईल का, असं मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "येईलही. तोवर हे नसतील." मी सही केली.

लिव्हर बसवलं, पण ते अजून नीट जागं झालेलं नाही. दोन-चार दिवसांत कळेल म्हणतात. काल हे शुद्धीवर आले आणि एवढंच म्हणाले, "कुणाचं गं?" इथं नाव सांगत नाहीत, गाव नाही, जात नाही.

वन्सं, येत्या शुक्रवारी त्या माणसाचा दहावा येतो. त्याच्या घरचे जे करायचं ते करतीलच, पण आपणही त्याच्या नावानं एक पान वाढावं असं मनात आहे. मग भीती वाटते. त्याला गेलेला म्हणून पान वाढलं, आणि यांच्या पोटात तो जेवढा उरलाय तेवढाही उठून निघाला तर? न वाढावं, तर तो उपाशी जातो, आणि तेही आमच्यासाठी एवढं करून.

हे मला एकटीला ठरवता येत नाही. पान वाढू की नको, तेवढं उलट टपाली कळवा.

आपली
सविता